स्फुरद विरघळवणारे सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत कसे निवडावेत

शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांत टाकलेल्या खतातील स्फुरदाचा (फॉस्फरसचा) मोठा भाग पिकाला मिळण्याआधीच मातीत बांधला जातो. आम्लधर्मी तांबड्या मातीत तो लोह व ॲल्युमिनियमशी आणि चुनखडीच्या मातीत कॅल्शियमशी जखडतो. तो मोकळा करणारे जिवाणू व बुरशी त्याच मातीत असतात आणि ठाणे-नवी मुंबईतील महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेतही ते वेगळे करता येतात.

शेतकऱ्याच्या संमतीने बांधावरची तूर किंवा खाचरातले भात मुळांसकट हलकेच उपटावे, सैल माती झटकून टाकावी आणि मुळांना चिकटून राहिलेली माती निर्जंतुक पिशवीत घेऊन बर्फाच्या पेटीतून आणावी. येऊरचे जंगल राष्ट्रीय उद्यानात येते आणि खाडीकाठची तिवरे संरक्षित आहेत, त्यामुळे परवानगीशिवाय तेथील माती उचलू नये. मातीचा सामू (pH) त्याच दिवशी मोजून ठेवावा, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

सूक्ष्मजीव वाढवण्याचे माध्यम म्हणून पिकोव्स्काया यांनी 1948 मध्ये सुचवलेले मिश्रण आजही चालते. एक लिटर पाण्यात ग्लुकोज 10 ग्रॅम, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट 5 ग्रॅम, अमोनियम सल्फेट व यीस्ट अर्क प्रत्येकी 0.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड 0.2 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 0.1 ग्रॅम, लोह व मँगनीज सल्फेट अगदी चिमूटभर आणि माध्यम घट्ट करणारे अगर 15 ग्रॅम घ्यावे व सामू 7 करावा. ग्लुकोज वेगळे निर्जंतुक करून नंतर मिसळल्यास माध्यम तपकिरी पडत नाही. फॉस्फेट विरघळत नसल्याने पांढऱ्या गाळासारखे फ्लास्कच्या तळाशी बसते. म्हणून प्रत्येक प्लेट ओतण्यापूर्वी फ्लास्क फेस न आणता गोल फिरवावा, नाहीतर पहिल्या प्लेटा पारदर्शक आणि शेवटच्या दुधाळ होतात व त्यांच्यावरील वलयांची तुलनाच करता येत नाही.

10 ग्रॅम माती 90 मिलिलिटर निर्जंतुक 0.85 टक्के मिठाच्या पाण्यात ढवळून दहापटीने विरल करत जावे, शेवटच्या तीन विरलनांचे 0.1 मिलिलिटर प्लेटांवर पसरावे आणि 28 ते 30 अंश सेल्सिअसला सात दिवस ठेवावे. पावसाळ्यात आपल्याकडील दमट हवेमुळे प्लेटांत पाणी साचून वसाहती, म्हणजे सूक्ष्मजीव वाढून दिसणारे ठिपके, एकमेकींत मिसळतात, म्हणून प्लेटा वाळवून उलट्या ठेवाव्यात.

वसाहतीभोवती दुधाळपणा जाऊन स्वच्छ वलय दिसले की वलयासह एकूण व्यासाला वसाहतीच्या व्यासाने भागावे. 8 मिलिमीटरची वसाहत आणि 20 मिलिमीटरचे एकूण वर्तुळ असल्यास निर्देशांक 2.5 येतो. मात्र निवड येथेच आटोपणे ही या कामातील सर्वांत मोठी चूक आहे, असे माझे ठाम मत आहे. काही सूक्ष्मजीव अगरवर वलय देत नाहीत, पण द्रव माध्यमात भरपूर स्फुरद सोडतात, आणि काहींचे वलय दोन-तीन वेळा नव्या माध्यमावर वाढवल्यावर नाहीसे होते.

म्हणून शुद्ध केलेला प्रत्येक वाण (एकाच वसाहतीतून वेगळा वाढवलेला सूक्ष्मजीव), वलय नसलेले काही वाणही धरून, अगर न घातलेल्या माध्यमात हलत्या इनक्युबेटरवर वाढवावा. तुलनेसाठी सोबत जिवाणू न टाकलेला एक फ्लास्क ठेवावा. सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून गाळ तळाशी बसवल्यावर वर राहिलेल्या द्रवाचा सामू मोजावा, कारण ग्लुकोनिक आम्लासारखी सेंद्रिय आम्ले तयार झाल्याने तो बहुधा उतरलेला असतो. त्यानंतर मॉलिब्डेनम निळ्या रंगाच्या पद्धतीने (स्फुरद जितका जास्त, तितका निळा रंग गडद) 880 नॅनोमीटरच्या प्रकाशात विरघळलेला स्फुरद मोजावा. माझ्या एका तुकडीत जिवाणू न टाकलेला फ्लास्कही निळा झाला, तेव्हा काचसामान फॉस्फेटयुक्त साबणाने धुतल्याचे लक्षात आले. तेव्हापासून मी ते विरल हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून ऊर्ध्वपातित पाण्याने विसळते.

यानंतर मातीच्या सामूची नोंद उपयोगी पडते. माती आम्लधर्मी असेल तर ट्रायकॅल्शियम फॉस्फेटवरचे यश पुरेसे नाही, कारण ते तुलनेने सहज विरघळते. हीच चाचणी लोह फॉस्फेट व ॲल्युमिनियम फॉस्फेट वापरून पुन्हा करावी. येथे कित्येक देखणे वाण गळतात आणि उरतात तेच आपल्या खाचरांच्या कामाचे असतात.

उरलेल्यांची ओळख पटवल्याशिवाय ते प्रयोगशाळेबाहेर नेऊ नयेत. स्युडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू स्फुरद उत्तम विरघळवू शकतो, पण दुर्बल रुग्णाला तो जीवघेणा ठरू शकतो. ओळख निर्धोक ठरली तरच मूळ मातीच्या कुंड्यांत भात लावावे आणि अर्ध्या कुंड्यांत जिवंत जिवाणू, तर अर्ध्यांत तेच जिवाणू उष्णतेने मारून तितक्याच प्रमाणात घालावेत, म्हणजे पिकातला फरक जिवंत जिवाणूंमुळेच पडला का ते कळते.