या चुका टाळा : विंचवर ५०० लिहिलंय म्हणून ५०० किलो टांगू नका

घराचं बांधकाम असो, बोअरमधली मोटार वर काढायची असो की शेतात रुतलेली गाडी ओढायची असो, हल्ली गावोगाव छोटं इलेक्ट्रिक विंच दिसतं, म्हणजे मोटारीने ड्रमवर दोर गुंडाळून वजन उचलणारं किंवा ओढणारं मशीन. उचलायचं विंच २३० व्होल्टच्या घरगुती लाईनवर चालतं (गाडी ओढायचं १२ व्होल्टचं वेगळं, त्याचं पुढे बोलू), दोन माणसं उचलून कुठेही नेतात, आणि डोक्यावर घमेली घेऊन जिने चढणाऱ्या मजुरांचे कष्ट ते खरोखर वाचवतं. विंचची मोटार जळाली, दोर तुटला, ब्रेक घसरला की लोक मशीनला दोष देतात. पण मूळ बहुतेक वेळा मशीनच्या बाहेर सापडतं : वजनाचा चुकलेला अंदाज, लांब आणि बारीक वायर, किंवा ज्याच्या भरवशावर सगळं टांगलं तो आधार.

पाटीवरचे दोन आकडे

मिनी होइस्ट म्हणून मिळणाऱ्या, म्हणजे वजन वर उचलायच्या, विंचच्या पाटीवर २५०/५०० किंवा २००/४०० असं लिहिलेलं असतं. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात ५००च छापलेला. यातला लहान आकडा एकेरी दोराचा. मोठा आकडा मिळवायचा तर सोबत आलेली हुकाची कप्पी दोरात ओवून दोराचं टोक पुन्हा मशीनच्याच बॉडीला अडकवावं लागतं. मग वजन दोन पदरांत वाटलं जातं. त्याची किंमत म्हणजे वेग निम्मा होतो आणि उंचीही निम्मी. साधारण १२ मीटर दोर येतो, तो दुहेरी केला की ६ मीटरच उरतो.

इथे चुका दोन होतात. पहिली म्हणजे कप्पी पिशवीतच राहते आणि एकेरी दोरावर ४०० किलो टांगले जातात. दुसरी जास्त कावेबाज : कप्पी लावली, पण काम तिसऱ्या मजल्याचं. दोर पुरत नाही म्हणून ड्रम पार रिकामा होईपर्यंत सोडतात. ड्रमवर दोराचं टोक एका लहान स्क्रूने पकडलेलं असतं, तो स्क्रू वजन पेलण्यासाठी नाही. वजन पेलतं ते ड्रमवरच्या वेढ्यांचं घर्षण. म्हणून किमान ३ वेढे नेहमी शिल्लक हवेत. पहिल्याच दिवशी त्या शेवटच्या वेढ्यांना लाल रंग लावून ठेवा. खालून लाल दिसलं की थांबायचं, हे नव्या मजुरालाही लगेच कळतं.

वजन अंदाजाने नाही, हिशोबाने

बोअरच्या मोटारीचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो. दीड इंची मध्यम जाडीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप मीटरला साधारण साडेतीन किलो भरतो. १०० मीटर खोलीवर मोटार असेल तर नुसत्या पाईपचे साडेतीनशे किलो झाले. पंपावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह चांगला असेल तर पाईपमधलं पाणी खाली उतरत नाही. दीड इंची पाईपमध्ये मीटरला जवळपास १.४ लिटर पाणी मावतं, म्हणजे आणखी १४० किलो. वर मोटार, पंप आणि केबल. पाण्याखालचा भाग थोडा हलका लागतो, पण उन्हाळ्यात पातळी तळाला गेलेली असताना तो दिलासाही नसतो. हिशोब पाचशेच्या पुढे जातो, आणि मोटार गाळात किंवा ढासळलेल्या मातीत अडकली असेल तर किती ओढ लागेल याला मापच नाही. अशा ठिकाणी ५००चं विंच पुरणारच नाही. तिथे पंप काढणारी गाडी बोलवा. शंभर फुटांच्या आतली हलकी मोटार, एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाईपवर सोडलेली, हे या मशीनचं काम आहे.

तरीही तीन पायांचं तिकाटणं उभारून काढायचंच ठरवलं तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. पाईप खोलताना खालचा सगळा भार केसिंगवर (बोअरच्या तोंडाच्या पाईपवर) टेकवलेल्या क्लॅम्पवर आला पाहिजे, विंचच्या ब्रेकवर राहता कामा नये. पाना मारताना बसणारे झटके ब्रेक सहन करत नाही. आणि एकदा का तो सुटला की सगळी लाईन तळाला.

ज्याला टांगलं त्याचं काय?

स्लॅबच्या कडेला उभं केलेलं फिरतं स्टँड मागच्या वजनावर तग धरतं. समजा हुक आधाराच्या पायापासून १ मीटर बाहेर आहे आणि त्यावर २०० किलो आहेत. मागचं वजन त्याच पायापासून दीड मीटर आत असेल तर तराजू समान होण्यासाठीच १३३ किलो लागतात. सुरू होतानाचा झटका, वारा, भाराचं झुलणं धरून मी त्याच्या दुप्पट ठेवायला सांगतो, म्हणजे सिमेंटची किमान ६ पोती.

आणि इथेच ती चूक होते जी मला सगळ्यात जास्त घाबरवते. मागे ठेवलेली सिमेंटची पोती हीच त्या दिवशी वापरायची पोती असतात. दुपारी माल कमी पडतो, बिगारी जवळचं पोतं उचलून नेतो, मग दुसरं. स्टँडकडे कोणाचं लक्ष नसतं. मागच्या वजनासाठी वाळूची वेगळी पोती भरा, ती स्टँडला तारेने बांधा आणि कोणी हात लावू नये असं स्पष्ट सांगा. शक्य असेल तिथे स्टँडचा मागचा पाय स्लॅबला अँकर बोल्टने पकडा. ताज्या विटांच्या पॅरापेटला (कठड्याला) काहीही बांधू नका.

दोराची दिशा बदलायला मध्ये कप्पी लावली तर त्या कप्पीच्या आधारावर येणारा भार मूळ वजनापेक्षा जास्त असतो. दोर काटकोनात वळला तर १.४ पट, उलट फिरून परत आला तर थेट दुप्पट. लांब वस्तू दोन दोरांनी उचलताना दोर पसरट बांधणंही असंच फसवतं. दोर वस्तूशी ६० अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येक दोरावर वजनाचा ५८ टक्के भार येतो. ३० अंशांपर्यंत पसरले तर दोन्ही दोरांवर प्रत्येकी पूर्ण वजनाएवढा ताण पडतो.

पन्नास मीटरची बारीक वायर

मोटार घुं घुं करते पण वजन उचलत नाही, ही तक्रार आली की आधी एक्स्टेन्शन बोर्ड दाखवा म्हणावं. एक किलोवॅटची मोटार चालताना साधारण ५ अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या चारपट. ०.७५ चौरस मिलिमीटरची ५० मीटर वायर असेल तर २० अँपिअरला वायरीतच जवळपास ४९ व्होल्ट गळतात. २३० पैकी मोटारीपर्यंत १८१ पोहोचतात. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे तो ६२ टक्क्यांवर येतो. खेड्यात लाईनच मुळात १९० असेल तर पुढचं बोलायलाच नको. तीच लांबी २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने घेतली तर गळती १५ व्होल्टवर येते. चांगल्या वायरीचा खर्च मोटार रिवाइंड करण्यापेक्षा कमीच पडतो.

रीलवर गुंडाळलेली वायर पूर्ण सोडूनच वापरा, नाहीतर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन वितळतं. ओल्या स्लॅबवर लोखंडी मशीन वापरतोय हे विसरू नका : तीन पिनांचा टॉप, चालू अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच लाईन तोडणारा स्विच) यांशिवाय मशीन लावूच नये. मधली पिन कापून टाकलेला टॉप दिसला तर आधी तो बदला.

तासाला किती खेपा?

माहितीपत्रकात एस-३, २० टक्के असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ दर १० मिनिटांत २ मिनिटंच मोटार चालवायची. एकेरी दोराचा वेग मिनिटाला सुमारे १० मीटर. तिसऱ्या मजल्यापर्यंत माल चढायला एक मिनिट, रिकामा हुक उतरायला एक मिनिट, संपली २ मिनिटं. म्हणजे तासाला ६ खेपा. प्रत्यक्षात साइटवर वीसेक खेपा मारल्या जातात आणि मोटार हाताला चटका देते तेव्हा लोकांना जाग येते. स्लॅब भरायच्या दिवशी हे मशीन पुरत नाही, त्यासाठी लिफ्टवालं मिक्सर मशीन भाड्याने आणा. विटा, टाइल्स, दरवाजांच्या चौकटी हळूहळू चढवायला मात्र हे उत्तम.

दोराकडे रोज बघा

जाड हातमोजे घाला आणि दोरावरून सुती फडकं फिरवा. तुटलेली तार फडक्यात अडकते. दोराच्या एका पूर्ण पिळात ६ तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच लडीत (दोर ज्या जाड पेडांचा बनतो त्यांपैकी एकात) ३, तर दोर बाद. मुरड पडलेला, पीळ फुगून पिंजऱ्यासारखा झालेला किंवा चपटा झालेला दोर एकही तार न तुटता बाद. गाठ मारून किंवा वेल्डिंग करून दोर जोडणं हा प्रकार अजून दिसतो. तो बंदच व्हायला हवा.

दोराच्या टोकाला फास करून क्लिपा लावताना खोबणीची बाजू भार घेणाऱ्या लांब दोरावर आणि यू-बोल्ट आखूड टोकावर यायला हवा. उलटं लावलं तर यू-बोल्ट भाराच्या दोरालाच चेपतो. अशा किमान ३ क्लिपा, मधलं अंतर दोराच्या जाडीच्या सहापट, आणि फासाच्या आत थिंबल (दोराला आधार देणारी खोबणीची कडी). नवा दोर ड्रमवर सैल गुंडाळू नका. हलकं वजन लावून ताणात गुंडाळा, नाहीतर भार आला की वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो.

ओढायचं विंच आणि उचलायचं विंच

जीपला लावतात ते १२ व्होल्टचं विंच ओढण्यासाठी असतं. त्याचा ब्रेक भार हवेत धरून ठेवण्यासाठी बनवलेला नसतो. विहिरीवर किंवा छपरावर ते लावू नका. उलट, होइस्टने जमिनीवरून तिरकी ओढ घेतली तर दोर ड्रमच्या एका कडेला चढतो आणि बाहेर सटकतो.

गाडी ओढताना पाटीवरचा आकडा ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा असतो. वर प्रत्येक थर चढला की ओढ कमी होत जाते. त्यामुळे जास्त ताकद हवी असेल तर जास्त दोर सोडा, लांबच्या झाडाला बांधा, किंवा मध्ये कप्पी घेऊन दोर दुहेरी करा. चिखलाचा ढोबळ हिशोब असा : चाकं रुतली तर गाडीच्या वजनाएवढी ओढ लागते, गाळ मडगार्डपर्यंत आला तर दुप्पट. भरलेली उसाची ट्रॉली अशा विंचने ओढायचा विचारही करू नका, आधी ऊस उतरवा. पूर्ण भाराला हे विंच ३०० अँपिअरच्या वर घेऊ शकतं, म्हणून इंजिन चालू ठेवून थोडं थोडं ओढा आणि मध्ये बॅटरीला सावरू द्या. झाडाला रुंद पट्टा लावा, दोर झाडाभोवती फिरवून त्याच दोरात हुक अडकवू नका. ताणलेल्या दोराच्या मध्यावर ओलं पोतं टाका आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं करा. तुटलेला लोखंडी दोर परत येतो तेव्हा पळायला वेळ मिळत नाही.

माणूस कधीच नाही

विहिरीचं काम करणारे यारीच्या (विहिरीवरच्या माती उपसायच्या यंत्राच्या) टोपल्यात बसून खाली उतरतात, ही आपल्याकडची जुनी सवय. इलेक्ट्रिक विंच आल्यावर ती अजून सोपी झाली, म्हणून अधिक धोक्याची. या मशीनला माणूस नेण्यासाठी लागणारा दुसरा ब्रेक किंवा दुसरा दोर नसतो. खाली जायला शिडी लावा आणि भार वर जात असताना विहिरीत कोणी त्याच्याखाली उभं राहू नये. मुकादमाला वाईट वाटलं तरी चालेल, पण यात तडजोड करू नका.

बिघाड दिसला तर

मोटार गुणगुणते आणि फिरत नाही : लगेच बटण सोडा. बटण दाबून धरलं तर काही क्षणांत वाइंडिंग तापतं. सुरू होताना मशीनपाशीच व्होल्टेज मोजा. ते ठीक असेल तर मोटार सुरू करायला मदत करणारा कपॅसिटर संशयित. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच नवा घ्या, आणि जुना काढण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून डिस्चार्ज करून घ्या.

वरचं बटण दाबलं की हुक खाली जातो : वायरिंग उचकटू नका, आधी ड्रम बघा. दोर पूर्ण सुटून उलट्या दिशेने गुंडाळला गेला आहे. या स्थितीत वरचा लिमिट स्विच (हुक वर पोहोचला की मोटार बंद करणारा) निरुपयोगी असतो. भार काढा, दोर पुन्हा पूर्ण सोडा आणि योग्य दिशेने गुंडाळा. एरवीही लिमिट स्विचवर आपटून मशीन थांबवायची सवय लावू नका, तो चुकलेल्या वेळेसाठी आहे.

बटण सोडल्यावर भार थोडा खाली सरकतो : ब्रेकचं अस्तर झिजलंय किंवा त्यावर तेल गेलंय. काम तिथेच थांबवा.

आणि भार अर्ध्यावर असताना लाईट गेली तर? ब्रेक स्प्रिंगने आपोआप बसतो, भार लटकत राहतो. मेन स्विच बंद करा, म्हणजे लाईट अचानक आल्यावर काही हलणार नाही. खालची जागा दोरी लावून अडवा. घाईने ब्रेकचं कव्हर खोलून भार उतरवायला जाऊ नका. बराच वेळ लाईट येणार नसेल तर वेगळ्या भक्कम आधारावर चेन पुली (हाताने ओढायची साखळीची कप्पी) लावा, भार तिच्यावर घ्या आणि हाताने खाली आणा. लोडशेडिंगच्या भागात काम असेल तर चेन पुली विंचसोबतच साइटवर न्या.