जीआर ८६ च्या नव्या इंजिनाची बातमी कशी पारखावी

टोयोटाच्या जीआर ८६ या स्पोर्ट्स कारमध्ये त्यांच्याच छोट्या जीआर यारिस गाडीचं टर्बो इंजिन येणार, अशी बातमी फिरतेय. पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला येणारी पोरं विचारतात, "काका, ८६ मध्ये यारिसचं टर्बो येणार का?" हॉर्सपॉवर नंतर, आधी जागा बघा. आत्ताचं २.४ लिटरचं बॉक्सर इंजिन आडवं झोपलेलं, म्हणून बॉनेट एवढं खाली. जीआर यारिसचं १.६ लिटर, तीन सिलिंडरचं इंजिन उभं; त्याला उंची लागणार. मग गिअरबॉक्स: ८६ मध्ये जोर फक्त मागच्या चाकांना, यारिससारखा चारही चाकांना नाही, म्हणजे तोही वेगळा लागणार.

तरी बातमी अगदीच हवेतली नाही हं! २०२२ मध्ये टोयोटाने जपानच्या सुपर तायक्यू या लांब पल्ल्याच्या शर्यतीत यारिसच्याच इंजिनावर बेतलेलं १.४ लिटर टर्बो ८६ मध्ये बसवून पळवलं होतं. शोरूमची गाडी मात्र वेगळी. तिथे प्रदूषणाचे नियम आणि किंमत आडवी येते. कंपनीआधी कोणी नेमकी तारीख सांगितली, तर चहाचं बिल त्यालाच द्या.