सिनेमातलं इंग्रजी कानाला का सापडत नाही, आणि ते कसं पकडायचं

अमेरिकन सिनेमा बघताना एखादं वाक्य पार डोक्यावरून जातं. मागे जाऊन सबटायटल्स लावली की खाली आठ शब्द दिसतात आणि आठच्या आठ शाळेत शिकलेले असतात. ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू अबाउट इट?’ यातला कुठला शब्द अडला? एकही नाही. पण नटाच्या तोंडून आलं होतं ते साधारण असं: ‘वरय गनडू अबाउरिट?’

अशा वेळी शब्दसंग्रह वाढवायला घेऊ नका. सिनेमातले न कळणारे शब्द बहुतेक वेळा ओळखीचेच असतात, फक्त एकमेकांना जोडताना त्यांचा आकार बदललेला असतो. आपणही हेच करतो. ‘कुठे आहे’ असं घरात कोण म्हणतं? ‘कुठाय’ म्हणतात. ‘करतो आहेस’चं ‘करतोयस’ होतं, ‘नाही आहे’चं ‘नाहीये’. मराठी शिकणारा परका माणूस शब्दकोशात ‘कुठाय’ शोधत बसला, तर त्याची जी गत होईल तीच आपली इंग्रजी सिनेमापुढे होते.

आधी जोर ऐका

मराठी बोलताना आपण बहुतेक अक्षरांना सारखा वेळ देतो. इंग्रजीत वाक्यातल्या दोन-तीन अक्षरांवर जोर पडतो आणि मधली सगळी अक्षरं उरलेल्या फटीत कोंबली जातात. कोंबताना त्यांचा स्वर पुसट होऊन आपल्या ऱ्हस्व ‘अ’सारखा उरतो. ‘टू’चं ‘ट’, ‘फॉर’चं ‘फर’, ‘अँड’चं नुसतं ‘न’, ‘यू’चं ‘य’. ‘ऑफ’ आणि ‘हॅव’ दोन्ही झिजून ‘अव’ होतात आणि पुढे व्यंजन आलं की नुसता ‘अ’ उरतो. म्हणूनच ‘आउट ऑफ’चं ‘आउटा’ आणि ‘शुड हॅव’चं ‘शुडा’. दोन्हींचा आवाज इतका एक होतो की जन्मापासून इंग्रजी बोलणारेही लिहिताना ‘शुड हॅव’च्या जागी ‘शुड ऑफ’ लिहून चुकतात.

याला एक पक्की मर्यादा आहे. ‘टू’, ‘फ्रॉम’, ‘कॅन’, ‘अॅम’ असे शब्द वाक्याच्या शेवटी आले तर झिजत नाहीत. ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’मधला ‘फ्रॉम’ पूर्ण ऐकू येतो. ‘येस, आय अॅम’चं ‘येस, आयम’ कधीच होत नाही.

‘ट’चं काय होतं

अमेरिकन उच्चारात सर्वात जास्त गोंधळ एकट्या ‘ट’मुळे होतो, म्हणून इथे जरा थांबू. दोन स्वरांच्या मधे ‘ट’ आला की जीभ टाळूला ओझरती टेकून सुटते. आपण ‘बरा’ म्हणताना ‘र’ला जीभ जे करते, जवळपास तेच. त्यामुळे ‘वॉटर’ मराठी कानाला ‘वॉडर’ किंवा ‘वॉरर’ वाटतं, आणि ‘गॉट इट’ ‘गॉरिट’ वाटतं. तसा भास झाला तर तुमचा कान बरोबर आहे, त्याच्यावर विश्वास ठेवा.

एका शब्दाच्या आत हे तेव्हाच होतं, जेव्हा ‘ट’नंतरच्या स्वरावर जोर नसतो. म्हणून ‘होटेल’ आणि ‘अटॅक’ यांतला ‘ट’ शाबूत राहतो. पण ‘ट’ शब्दाच्या शेवटी असेल आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल, तर जोर असो वा नसो, तो बदलतो: ‘गेट अप’ हे ‘गेरप’, ‘अॅट ऑल’ हे ‘अरॉल’. ‘न’च्या मागून आलेला ‘ट’ तर पुष्कळदा गायबच होतो. ‘ट्वेन्टी’ ‘ट्वेनी’ होतं, ‘इंटरनेट’ ‘इनरनेट’ होतं. ‘वॉन्ट टू’चं ‘वॉना’ याच वाटेने आलं.

यातून एक खरी अडचण उभी राहते: ‘कॅन’ आणि ‘कान्ट’. अमेरिकन माणूस नकारालाही ‘कॅन्ट’ म्हणतो आणि शेवटचा ‘ट’ गिळतो. मग हो की नाही, हे ओळखायचं कसं? ‘ट’ शोधू नका, स्वर ऐका. होकारात ‘कॅन’ झिजून ‘क्न’ होतो आणि जोर क्रियापदावर जातो: ‘आय क्न गो’. नकारात ‘कॅ’ पूर्ण आणि ठसठशीत येतो: ‘आय कॅन् गो’. म्हणजे ‘कॅन’ स्पष्ट ऐकू आला तर बहुधा तो नकार आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला हे उलटं वाटतं, पण सवय झाली की संवादाचा अर्थच उलटा लागण्याची चूक टळते.

जोडावर नवा आवाज

शेवटी ‘ट’ आणि पुढे ‘य’ आला की ‘च’ होतो, ‘ड’ आणि ‘य’ मिळून ‘ज’. ‘डोन्ट यू’ म्हणजे ‘डोन्चू’, ‘डिड यू’ म्हणजे ‘डिजू’ किंवा ‘डिज’. ‘मिस यू’चं ‘मिश्यू’ होतं.

‘ही’, ‘हिम’, ‘हर’ यांतला ‘ह’ वाक्याच्या मधे किंवा शेवटी गळतो: ‘टेल हिम’ हे ‘टेलिम’. सुरुवातीला किंवा त्या शब्दावर मुद्दाम जोर दिला असेल तर तो टिकतो. ‘टेल देम’ मात्र ‘टेलम’ होतं. (हा ‘अम’ ‘देम’चा तुकडा वाटतो, पण तो मध्ययुगीन इंग्रजीतल्या ‘हेम’ या वेगळ्या सर्वनामाचा वंशज आहे.) ‘हॅव टू’मधला ‘व’ पुढच्या ‘ट’मुळे ‘फ’ होतो: ‘हॅफ्ट’. ‘यूज्ड टू’ हे ‘यूस्ट’, ‘सपोज्ड टू’ हे ‘सपोस्ट’.

आता हे वाक्य जवळून बघा: ‘आय शुड हॅव टोल्ड हिम टू लेट देम गो.’ नऊ शब्द. सिनेमात ऐकू येईल: ‘आय शुडा टोल्डिम्ट लेरम गो.’ ‘हॅव’चा ‘अ’ ‘शुड’ला चिकटला, ‘हिम’चा ‘ह’ गेला, ‘टू’चा फक्त ‘ट’ राहिला, ‘लेट’चा ‘ट’ दोन स्वरांत सापडून ‘र’सारखा झाला. जोर ‘टोल्ड’ आणि ‘गो’वर. हे दोन शब्द पकडले की बाकीचं ओळीने लागतं.

सराव कसा करायचा

दोन माणसं खोलीत बसून बोलताहेत आणि मागे संगीत नाही, असा वीस-तीस सेकंदांचा तुकडा निवडा. १९३०-४०च्या दशकांतल्या हॉलिवूडपटांनी सुरुवात करायचा मोह टाळा. त्या काळातले पुष्कळ नट रंगभूमीच्या घोटीव पद्धतीने बोलत, त्यामुळे तिथे सगळं समजतं आणि आजच्या सिनेमात पुन्हा कान हरवतो. लंडनच्या बोलीचे सिनेमेही सुरुवातीला बाजूला ठेवा. तिथे ‘वॉटर’चा ‘ट’ ‘र’सारखा होत नाही, घशात अडतो.

सबटायटल्स बंद करून तुकडा तीनदा ऐका आणि जे ऐकू येतं ते देवनागरीत लिहा. स्पेलिंग अजिबात आठवू नका. आपली लिपी आवाज लिहिण्यासाठी फार सोयीची आहे, तिचा फायदा घ्या. अर्थ नाही लागला तरी ‘टोल्डिम्ट’ असंच लिहा. मग इंग्रजी सबटायटल्स लावून शेजारी खरं वाक्य लिहा आणि प्रत्येक बदलाखाली कारण लिहा: ‘ह’ गळला, ‘ट’चा ‘र’, स्वर झिजला. सबटायटल्समध्ये कधी ‘गॉना’चं नीटनेटकं ‘गोइंग टू’ केलेलं असतं, कधी वाक्यच आटोपतं घेतलेलं असतं. मेळ बसला नाही तर कानाला दोष देण्याआधी पुन्हा ऐका. वेग ०.७५पर्यंत कमी करायला हरकत नाही. ०.५वर आवाज ताणला जाऊन बिघडतो.

शेवटी नटाबरोबर तेच वाक्य मोठ्याने म्हणा. जे तोंडात बसतं ते कानाला लवकर सापडतं. इथे हमखास होणाऱ्या चुका ठाऊक असू द्या. ‘गॉना’ फक्त क्रियापदाआधी येतं. ‘आयम गॉना मार्केट’ असं कुणी म्हणत नाही, तिथे ‘गोइंग टू’च लागतं. ‘शी वॉना गो’ चूक, कारण ‘वॉन्ट्स’मधला ‘स’ मधे उभा आहे. ते ‘शी वॉन्स्ट गो’ होतं. प्रश्नात मात्र ‘डझ शी वॉना गो’ बरोबर. आणि बाकी प्रत्येक शब्द सुटा, ठासून म्हणायचा आणि मधेच लांबलचक ‘गॉऽनाऽ’ टाकायचं, हे कानाला फार खटकतं. ‘गॉना’ जन्मालाच घाईतून आलं आहे, ते घाईतच म्हणा.

आठवडाभराने तोच तुकडा सबटायटल्सशिवाय ऐका आणि पुन्हा लिहून काढा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की अजून कुठला जोड सुटतोय ते दिसेल. पुढचा तुकडा निवडताना तोच जोड ज्यात पुष्कळदा येतो, असा घ्या.