आत्याची खोली आणि तिसरं पान

आत्याला पुण्याजवळच्या एका ज्येष्ठ निवासात खोली घेतली, तेव्हा मॅनेजरने पुढ्यात ठेवला तो 'प्रवेश अर्ज'. चार पानं, बारीक टाइप, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली. बँकेत माझी उभी नोकरी कर्जाचे कागद तपासण्यात गेली, तरी तिसरं पान मी वाचलंच नाही. वाचलं ते डिपॉझिट परत मागायची वेळ आली तेव्हा.

तर आधी हे बघा: हातातला कागद लिव्ह अँड लायसन्सचा करार (शुल्क घेऊन ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी) आहे की नुसता प्रवेश अर्ज?

करार असेल तर तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. "अकरा महिन्यांचाच आहे हो, नोंदणी कशाला?" असं सर्रास ऐकवतात, आपल्याकडे ते चालत नाही. नोंदणी करून घेणं मालकाचं काम. त्याने ती केली नाही आणि अटींवरून वाद झाला, तर राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. मात्र लायसन्सवर राहणारा म्हणजे भाडेकरू नव्हे. मुदत संपल्यावर खोली सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट शुल्क लागू शकतं. म्हणून नूतनीकरण कसं होणार, शुल्क किती वाढणार, हे आधीच लिहून घ्या.

आत्याच्या दुसऱ्या निवासात आम्ही करार नोंदवला. एजंट मशीन घेऊन खोलीवरच आला. आत्याचा अंगठा काही केल्या लागेना. ओल्या फडक्याने पुसला, कोरडा केला, पुन्हा दाबला. शेवटी मधलं बोट लागलं. "रेघा भांड्यांबरोबर गेल्या," आत्या म्हणाली. अशा कामाला सकाळची वेळ ठेवा, माणूस दमलेलं नसतं.

नुसता प्रवेश अर्ज असेल तरी हात टेकू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या 'सेवे'च्या व्याख्येत राहण्या-जेवणाची सोय येते. पैसे घेऊन कबूल केलेली नर्स रात्री नसेल, लिफ्ट महिना महिना बंद असेल, तर ती सेवेतली त्रुटी. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला वकील लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत मात्र २ वर्षं. आधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, ज्येष्ठांसाठी १४५६७.

सही करण्याआधी मी आता तीनच गोष्टी विचारते. डिपॉझिट किती दिवसांत परत आणि कशाकशाची कपात? माणूस अंथरुणाला खिळलं तर ठेवणार की "घेऊन जा" म्हणणार? खोली सोडायची झाली तर नोटीस किती दिवसांची? उत्तरं तोंडी घ्यायची नाहीत. आणि पैसे चेकने द्यायचे. रोख दिलेच तर पावतीवर 'परतावा अनामत' हे शब्द हवेत. माझ्या पावतीवर नुसतं 'जमा' होतं.

तिसऱ्या पानावर 'रंगकामाची वजावट' होती. मी रक्कम, तारखा आणि पावतीची झेरॉक्स जोडून स्पीड पोस्टाने नोटीस धाडली, पोच जपून ठेवली. पाच आठवड्यांनी चेक आला, रंगाचे नऊ हजार कापून. पुढे आत्याच्या मैत्रिणीला भेटायला तिथे गेले, तर त्या खोलीत आत्याच्या कॅलेंडरचा खिळा आणि भोवतीचा पिवळट चौकोन तसाच होता. मोबाइलवर फोटो काढला, तारखेसकट. नऊ हजारांची तक्रार आता तयार आहे.