टचपॅडचा ड्रायव्हर बसत नाही? एक पायरी खाली बघा

यूएसबी माउस जोडा. फंक्शन कीनं टचपॅड चुकून बंद तर झालेला नाही ना, ते आधी तपासा. मग विंडोज की आणि एक्स दाबून येणाऱ्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'आयटूसी एचआयडी डिव्हाइस'वर पिवळं उद्गारचिन्ह दिसतंय? मग टचपॅडचाच ड्रायव्हर (विंडोजला तो भाग चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) पुन्हापुन्हा टाकत बसू नका. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपमध्ये गडबड बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या पायरीवर असते. हा टचपॅड आयटूसी नावाच्या बसवरून, म्हणजे लॅपटॉपमधले भाग जोडणाऱ्या मार्गावरून, बोलतो. ती बस चालवणारा कंट्रोलरच विंडोजला ओळखता आला नाही, तर टचपॅड चालणार कुठून? म्हणून क्रम पाळा: आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिप्सचा) ड्रायव्हर, प्रोसेसर इंटेलचा असेल तर मग सीरियल आयओचा (आयटूसी कंट्रोलर चालवणारा), रीस्टार्ट, आणि शेवटी टचपॅडचा.

ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, नेमका मॉडेल नंबर बघूनच घ्या. एकाच मॉडेलला दोन ड्रायव्हर दिसले तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी वाचा. सुरुवातीला 'ईएलएएन' असेल तर टचपॅड एलान कंपनीचा, 'एसवायएनए' असेल तर सिनॅप्टिक्सचा; ड्रायव्हर त्याच कंपनीचा निवडा. फुकटचे 'ड्रायव्हर अपडेटर' मात्र टाकूच नका, कळकळीनं सांगते. त्यांनी घातलेला चुकीचा ड्रायव्हर काढण्यातच जास्त वेळ जातो.