संगणकात व्हायरस शिरला? घाईत या चुका टाळा

श्रावणातल्या भर पावसात मुळगावचे एक काका स्कूटरच्या पुढ्यात सीपीयू ठेवून, त्याला प्लॅस्टिकची गोणी गुंडाळून माझ्या गोव्यातल्या डिचोलीच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात आले. "पाच व्हायरस मिळाले म्हणतो रे हा. कालपासून नातवाला हात लावायला दिला नाही."

सुरू करून बघितलं. उजव्या कोपऱ्यात खालून लाल चौकट वर यायची, एक बंद केली की दुसरी. व्हायरस मात्र एकही नव्हता. क्रिकेटचा सामना फुकट दाखवणाऱ्या कुठल्याशा साइटवर नातवाने 'अलाउ' दाबलं होतं, आणि ती साइट क्रोममधून नोटिफिकेशन पाठवत होती. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स'. अनोळखी साइटची परवानगी काढली, चौकटी थांबल्या. काकांचा विश्वास बसायलाच जास्त वेळ लागला.

हे काम करता करता माझं एक मत झालंय. जो आरडाओरडा करतो तो बहुधा व्हायरस नसतोच. खरा असतो तो गप्प बसून काम करतो.

पडद्यावरच्या नंबरला फोन लावणं

कधी अख्खा पडदा निळा किंवा लाल होतो, भोंगा वाजतो, 'मायक्रोसॉफ्ट'चं नाव आणि खाली फोन नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ते फक्त एक वेबपान असतं. एस्केपचं बटण दाबून धरा. नाही सुटलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना 'जुनी पानं परत आणू का' विचारलं तर नको म्हणा. फोन लावून कुणाला दुरून संगणक चालवायला दिला असेल, तर ते प्रकरण वेगळं. तेव्हा आधी नेट तोडा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन. उद्या बँकेत जाऊन बघू, असं करू नका.

पेनड्राइव्ह फॉरमॅट करून मोकळं होणं

आमच्याकडे काल्याच्या, म्हणजे देवळांतल्या उत्सवी नाटकांच्या, दिवसांत पेनड्राइव्हचा व्हायरस हमखास येतो. नाटकाच्या पार्श्वसंगीताचा पेनड्राइव्ह दिग्दर्शकाकडून साउंडवाल्याकडे, तिथून झेरॉक्सच्या दुकानात, तिथून कुणाच्या तरी घरच्या संगणकात फिरतो. एकदा संध्याकाळी सातला एक मुलगा धावत आला. रात्री प्रयोग, आणि पेनड्राइव्हवर फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण. मित्राने सल्ला दिलेला, फॉरमॅट मार.

नशीब, मारला नव्हता. हा व्हायरस सहसा फायली पुसत नाही, लपवतो. त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. तुम्ही दोनदा क्लिक करता, फोल्डर उघडतोही, म्हणून संशय येत नाही. पण त्याच क्लिकमध्ये व्हायरस संगणकात उतरलेला असतो. पुढचा पेनड्राइव्ह लावला की त्यालाही लागण.

म्हणून शॉर्टकटवर क्लिक करायचंच नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये 'ऑप्शन्स' उघडा: विंडोज 10 मध्ये ते 'व्ह्यू'त असतं, विंडोज 11 मध्ये वरच्या तीन टिंबांत. तिथल्या 'व्ह्यू' टॅबवर जा. 'शो हिडन फाइल्स' निवडा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स' समोरची खूण काढा. लपलेले फोल्डर फिकट रंगात दिसू लागतात, कधी नाव नसलेल्या एका फोल्डरात सगळे कोंबलेले असतात. त्यातली गाणी, फोटो, कागदपत्रं तेवढीच स्वच्छ संगणकावर घ्या. त्यानंतर खुशाल फॉरमॅट करा. आणि ज्या संगणकातून लागण झाली तो आधी साफ केला नाही, तर उद्या पुन्हा तेच. त्या रात्री तानपुरा आणि विजेचा कडकडाट वेळेवर वाजला, पण साउंडवाल्याचा लॅपटॉप साफ व्हायला पुढचा आठवडा उजाडला.

'अँटीव्हायरस बंद करा' हे ऐकणं

गणेश चवथीचे बॅनर करायला कुणीतरी महागडं सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून, म्हणजे पैसे न भरता चालेल असं करून, आणतो. त्याच्या सूचनांत पहिलीच ओळ असते, अँटीव्हायरस बंद करा. चोराने कुत्रा बांधायला सांगावं आणि आपण बांधावा, तसला प्रकार. 2018 पासून फिरणारा 'स्टॉप' नावाचा खंडणीखोर व्हायरस बराचसा याच वाटेने घरात येतो. सगळ्या फायलींच्या नावाला नवं शेपूट लागतं, त्या उघडत नाहीत, आणि एक चिठ्ठी मिळते: 980 डॉलर द्या, 72 तासांत दिलेत तर 490.

पैसे देऊ नका. दिले तरी फायली सुटतील याची हमी कुणी देत नाही. डिस्कही लगेच पुसू नका. आधी व्हायरस काढून बंद फायलींची प्रत बाजूला ठेवा आणि युरोपोल वगैरेंनी 2016 मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर फायलींचं कुलूप उघडणारी मोफत किल्ली आहे का बघा. फायलींना कुलूप घालताना या व्हायरसला नेटवरचा त्याचा सर्व्हर सापडला नसेल, तर तो अनेकांना एकच किल्ली वापरतो. अशा फायली सुटण्याची आशा असते. प्रत्येक संगणकाला वेगळी किल्ली लागली असेल, तर मात्र कठीण.

आजारी संगणकावरच पासवर्ड बदलणं

सर्वांत जास्त नुकसान मी या चुकीने झालेलं पाहिलंय. पासवर्ड चोरणारा व्हायरस काहीच दाखवत नाही. हल्ली तर 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' म्हणून विंडोज बटण आणि आर दाबायला, मग काहीतरी पेस्ट करून एंटर मारायला सांगतात. कुठलीही खरी साइट असं करायला लावत नाही. केलं असेल तर नेट तोडा आणि पासवर्ड मोबाइलवरून बदला, ईमेलचा सर्वांत आधी. त्याच संगणकावर बदललात तर नवा पासवर्डही त्याच चोराच्या हातात. शिवाय 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करा, कारण ब्राउझरमधलं चालू लॉगिन चोरलं असेल तर पासवर्डची गरजच पडत नाही.

साफसफाईचा क्रम

नेट बंद, पेनड्राइव्ह बाहेर. 'विंडोज सिक्युरिटी'त 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', तिथे 'स्कॅन ऑप्शन्स'. आधी 'फुल स्कॅन', मग 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन'. दुसरा बहुतेक जण करतच नाहीत. त्यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागं व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला वेळ मिळत नाही. साधारण 15 मिनिटं लागतात, तेवढ्यात वीज जाणार नाही असं बघा. आमच्याकडे पावसाळ्यात हे सांगावं लागतं. एवढं करूनही लक्षणं परत आली, किंवा पासवर्डचोर सापडला, तर मी विंडोज नव्याने टाकतो. खोदत बसत नाही.

दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका, एकमेकांच्या पायांत पाय अडकवतात. घरासाठी विंडोजसोबतच येणारा डिफेंडर पुरतो, पण विंडोजला अपडेट मिळत असतील तर. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 7 चा तर 2020 मध्येच. तरी दुकानात येणारे जुने सीपीयू उघडले की अजून सातच दिसतो.

फोटोंची प्रत ठेवता ना, असं मी काकांना विचारलं. "आहे की, डिस्क मागे कायम लावूनच असते." लावलेलीच असेल तर खंडणीखोर तिलाही कुलूप घालतो. प्रत घेतली की ती काढून कपाटात ठेवायची, असं एका कागदावर लिहून मी तो त्यांच्या सीपीयूवर चिकटवला आणि गोणी पुन्हा गुंडाळून दिली.