जुन्या गाडीचे पिस्टन घेताना या चुका टाळा

वडिलांच्या अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन खोलायच्या आधीच मी पिस्टनचा सेट घेऊन ठेवला होता. मुंबईला गेलो तेव्हा कुर्ल्याच्या बाजारात मिळाला. पेटीवर गाडीचं नाव होतं आणि खाली 30 हा आकडा. कुडाळच्या मेस्त्रींनी ती पेटी न उघडताच बाजूला ठेवली. "पयलां बोअर मोज, मगे पिस्टन हाड," म्हणजे आण, एवढंच म्हणाले. बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक आणि त्याचा व्यास. ब्लॉक मोजला तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये गंजाचे खड्डे इतके खोल, की 30 थाऊ कापूनही ते निघणार नव्हते. 40 च लागणार होते.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या 1489 सीसी इंजिनाचा मूळ बोअर 73.025 मिमी. त्यावर 10, 20, 30, 40 असे ओव्हरसाईज, म्हणजे मूळ मापाहून तेवढे थाऊ मोठे पिस्टन येतात. कोणता घ्यायचा हे दुकानदार ठरवू शकत नाही आणि मालकाच्या आठवणीवरही ते ठरत नाही. आपल्याआधी कुणी एकदा रिबोअर केलेलं, म्हणजे बोअर कापून मोठा केलेला असेल, तर ते फक्त मोजल्यावरच कळतं.

बोअर मोजायचा तो वर, मध्ये, खाली अशा तीन जागी, आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी. झीज सर्वांत जास्त पिस्टनची वरची रिंग (पिस्टनभोवतीचं कडं) जिथपर्यंत चढते तिथे असते, तीही क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) आडव्या दिशेला. एकाच जागी गेज लावून "ठीक आहे" म्हणणाऱ्या मशीनशॉपमध्ये ब्लॉक ठेवू नका.

कोकणात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह (झडप) उघडाच राहतो. गाडी जांभ्याच्या पडवीत चार-पाच पावसाळे उभी असेल, तर खारी दमट हवा त्या वाटेने आत जाते आणि रिंगा जिथे थांबल्या तिथे गंजाची गोल रेघ पडते. बाकीचे तीन बोअर आरशासारखे असतात, हा एकच साईज ठरवतो. चारही पिस्टन त्याच मापाचे घ्यायचे. "एकालाच मोठा टाकू" असा सल्ला मिळाला तर ऐकू नका. पिस्टनचं वजन बदलतं आणि इंजिन थरथरतं.

खड्डा 40 मध्येही निघत नसेल तर लायनर (बोअरमध्ये बसवायची नळी) घालून परत स्टँडर्डवर, म्हणजे मूळ मापावर यायचं. पुष्कळ जण याला घाबरतात. मला तो चांगला मार्ग वाटतो, कारण स्टँडर्ड साईजचा चांगला सेट मिळणं सोपं जातं आणि पुढच्या रिबोअरची सोय राहते.

पेटीवरच्या नावावर विश्वास

या चुकीने माझ्या माहितीतली सगळ्यांत जास्त इंजिनं वाया गेली आहेत. बोअर जुळला म्हणजे पिस्टन जुळला असं नसतं. गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या) मध्यापासून पिस्टनच्या डोक्यापर्यंतची उंची पाहा. ती मिलिमीटरभर कमी असली तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पडतं, जास्त असली तर पिस्टन हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. डोकं सपाट आहे की खोलगट, पिनचा व्यास किती, रिंगांच्या खाचा किती रुंद, हे सगळं जुना पिस्टन शेजारी ठेवून कॅलिपरने ताडून बघायचं. म्हणून जुने पिस्टन भंगारात देऊ नका, फुटलेले असले तरी.

काही जुन्या इंजिनांत कनेक्टिंग रॉडचा (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचा) छोटा डोळा बोल्टने पिनला आवळतो आणि त्या पिनेला मध्ये खाच असते. काहींत पिन मोकळी फिरते आणि दोन्ही टोकांना सर्क्लिप (पिन अडवणाऱ्या गोल क्लिपा) असतात. एकाची पिन दुसऱ्याला चालवायला गेलात तर पिन सरकून बोअर चिरते.

इंच आणि मिलिमीटरची गल्लतही इथेच होते. 30 थाऊ म्हणजे 0.762 मिमी. मिमीच्या मापाने बनवलेला पिस्टन 0.75 चा असतो. फरक 0.012 मिमीचा, पण पिस्टन आणि बोअरमधली एकूण मोकळीकच मिलिमीटरच्या काही शतांशांची असते.

म्हणून क्रम असा ठेवा. ब्लॉक मोजा, साईज ठरवा, पिस्टन आणा, प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजा, आणि मगच त्या मापावर बोअरिंग करून घ्या. बोअरिंग आधी आणि पिस्टनचा शोध नंतर असं कधीही करू नका. पिस्टन मोजताना स्कर्टवर (पिनेखालच्या भागावर), पिनच्या काटकोनात मोजायचा. पिस्टन मुद्दाम किंचित लंबगोल आणि वर निमुळता घडवलेला असतो, भलतीकडे मोजलात तर तो लहानच दिसणार.

मोकळीक कमी ठेवायचा मोह टाळा. 73 मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन 100 अंशांनी तापला तर साधारण 0.15 मिमी फुगतो, ओतीव लोखंडाचा बोअर तेवढ्याच तापमानाला जेमतेम 0.08. त्यातून पिस्टन बोअरपेक्षा नेहमीच जास्त तापतो. रत्नागिरीहून आंबा घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये, रेडिएटर विहिरीच्या पाण्याच्या थराने अर्धा बुजलेला असेल, तर घट्ट बसवलेला पिस्टन तिथेच पकडतो, म्हणजे बोअरमध्ये अडकतो. मोकळीक पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदात दिलेली असते, तीच पाळा. फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) पिस्टनला ती बहुधा जास्त लागते. घरच्या, शांतपणे चालवायच्या गाडीला ओतीव पिस्टन पुरेसे आहेत.

सुटे पिस्टन घेण्यापेक्षा पिन, रिंगा, सर्क्लिपसह पूर्ण सेट घ्या. आपल्याकडे माल दमट गोदामात वर्षानुवर्षं पडलेला असतो, तेव्हा तेलकागद उघडून रिंगांवर तांबूस ठिपके आहेत का ते दुकानातच बघा. चारही पिस्टन साध्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. काही ग्रॅमहून जास्त फरक असला तर सेट परत करा.

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, तेव्हा कितीतरी गाड्यांच्या इंजिनात वाशिष्ठीचा गाळ शिरला. अशी गाडी कुणी पाण्यासह स्टार्टर मारून फिरवली असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. वाकड्या रॉडवर उत्तम पिस्टनही तिरका घासतो. जुन्या पिस्टनच्या स्कर्टवरची झीज एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसली, तर नवे पिस्टन बसवण्याआधी रॉड तपासून घ्या.

बसवताना

रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजा. बोअरच्या दर इंचाला 3 ते 4 थाऊ हा जुना हिशेब, म्हणजे अ‍ॅम्बेसेडरला साधारण 9 ते 12. पिस्टनवरचा बाण किंवा खूण पुढे, रिंगेवरची खूण वर. होनिंग (बोअर दगडाने घासून शेवटचा हात देणं) झाल्यावर बोअर नुसत्या रॉकेलने पुसू नका, खरडीची भुकटी त्याने जात नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश, मग लगेच कोरडा करून तेल. लगेच म्हणजे खरोखर लगेच. आषाढात आमच्याकडे धुतलेला ब्लॉक जेवून येईपर्यंत तांबडा होतो.

पिस्टन घातल्यानंतरच्या तक्रारी ओळखायला सोप्या आहेत. थंड इंजिनात टकटक आणि गरम झाल्यावर बंद, तर मोकळीक जरा जास्त आहे. गरम झाल्यावरही आवाज राहत असेल तर गजन पिन बघा. वेग वाढवताना निळा धूर आला तर रिंगांचा संशय, उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून मग दाबल्यावर आला तर व्हॉल्व्ह गाइडचा (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळीचा). खात्री करायची असेल तर कॉम्प्रेशन मोजा, प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा धरत नाहीत, तसाच राहिला तर हेड उघडा.